सायकल घेताय? आधी टायर बघा!

कॉलेजच्या पार्किंगमध्ये एकदा नीट चक्कर मारा. गाड्यांच्या रांगा संपतात तिथे, कंपाउंडच्या भिंतीला लागून आठ-दहा सायकली उभ्या असतात. टायर बसलेले, चेन गंजून तांबडी झालेली, सीटवर कावळ्यांची कृपा. आता त्या जरा जवळून बघा. त्यातल्या निम्म्यांना तरी पुढे जाडजूड स्प्रिंगचा फोर्क दिसेल, काहींच्या सीटखाली दुसरी स्प्रिंग. फ्रेमवर जाळ नाहीतर विजेचं स्टिकर. जूनमध्ये सगळा वर्ग ज्यांच्याकडे वळून बघत होता, त्याच या सायकली. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांना कुणी हात लावलेला नाही.

त्यातली एक माझी होती. म्हणून तर हे सगळं लिहितेय.

फर्स्ट इयरला पुण्यात आले तेव्हा होस्टेल ते कॉलेज अंतर साडेपाच किलोमीटर होतं. बाबा म्हणाले, बसला लोंबकळण्यापेक्षा सायकल घे. डेअरीच्या दुधाचे साठवलेले चौदा हजार त्यांनी माझ्या हातात ठेवले. दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या दुकानदार म्हणाला, "ताई, लेडीज सायकली त्या बाजूला." तिकडे गुलाबी, जांभळ्या, पुढे बास्केट लावलेल्या सायकलींची रांग. माझं डोकंच फिरलं. मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला गेले आणि दुकानातली सगळ्यात दणकट दिसणारी सायकल निवडली. डबल सस्पेन्शन, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, २१ गिअर. दहा मिनिटांत व्यवहार संपला. चालवून बघितलीच नाही, कारण दुकानासमोर ट्रॅफिक होतं.

पहिल्याच रविवारी ग्रुपबरोबर सिंहगडला निघाले. गोळेवाडीच्या नाक्यापासून वर साधारण नऊ किलोमीटरचा घाट. पेडलवर जोर दिला की सायकल पुढे जायच्या आधी खाली बसायची, मग वर यायची. जणू मी घोड्यावर बसलेय आणि घोडा जागेवरच नाचतोय. दोन किलोमीटरनंतर उतरले ती वरपर्यंत ढकलतच नेली. परत आल्यावर होस्टेलमधल्या बॅगा मोजायच्या काट्याला सायकल टांगली. साडेअठरा किलो! माझं वजन तेव्हा एकोणपन्नास. आठ महिन्यांनी गुडघेदुखीला कंटाळून ती साडेचार हजारांना विकली. घरी मात्र "चोरीला गेली असती म्हणून विकली" असं सांगितलं.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो भोरच्या ज्युनिअर कॉलेजला जातो. घर ते कॉलेज नऊ किलोमीटर, त्यातले फाट्यापर्यंतचे पहिले तीन कच्चे. सकाळची एसटी चुकली की प्रॅक्टिकल बुडतं. बाबांनी या वेळी बारा हजार बाजूला काढलेत. परवा भावाने फोटो पाठवला, "ताई, ही घेऊ?" डबल सस्पेन्शन. वीज. जाळ. सगळं तेच.

त्याला मी जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते. डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोन्हींसाठी एकच सायकल हवी असेल आणि बजेट विसेक हजारांच्या आत असेल, तर स्प्रिंगवाली सायकल घेऊ नका. साध्या फोर्कची, जरा रुंद टायरची, आपल्या मापाची सायकल घ्या. बाकी सगळं नंतर.

स्प्रिंगचं गौडबंगाल

"पण खड्ड्यांचं काय?" हा पहिला प्रश्न. बरोबरच आहे. आपल्या शहरातला रस्ता म्हणजे खोदून बुजवलेले पट्टे, उखडलेले पेव्हर ब्लॉक, ड्रेनेजची वर आलेली झाकणं आणि दर शंभर मीटरवर कुणाच्या तरी मर्जीने बांधलेला गतिरोधक. शहराबाहेर पडलात की मुरूम, खडी, बैलगाडीची चाकोरी. कोकणात असाल तर जांभ्याचे दगड. त्यामुळे स्प्रिंग पाहिली की दिलासा वाटतो.

पण स्प्रिंग आणि सस्पेन्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगल्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग दबल्यावर तिचं उसळणं आवरणारी यंत्रणा असते. तेल एका बारीक वाटेतून ढकललं जातं आणि धक्का शांत होतो. ही यंत्रणा महाग असते. दहा-पंधरा हजारांच्या सायकलमध्ये बहुतेक वेळा असते ती नुसती स्प्रिंग. ती धक्का घेते आणि परत फेकते. शिवाय असा फोर्क अडीच किलोच्या आसपास भरतो. साधा लोखंडी फोर्क, म्हणजे मेकॅनिक ज्याला चिमटा म्हणतात तो, साधारण त्याच्या निम्म्या वजनाचा. दोन पावसाळ्यांत स्प्रिंगच्या नळ्यांत चिखल जातो, गंज धरतो आणि ती जाम होते. मग तुमच्याकडे उरतो फक्त एक जड चिमटा.

आणि मुख्य म्हणजे पैशाचं गणित. चौदा हजारांच्या सायकलमध्ये कंपनीने दोन स्प्रिंग बसवल्या, तर ते पैसे कुठून आले? हबमधून, ब्रेकमधून, रिममधून, टायरमधून. म्हणजे जे दिसत नाही त्यातून. आपण दिसणाऱ्या गोष्टीवर भाळतो, हे विकणाऱ्याला चांगलं माहीत असतं.

माउंटन बाइकिंगचा इतिहास वाचताना मला एक भारी गोष्ट सापडली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत सत्तरच्या दशकात काही तरुण जुन्यापान्या, रुंद टायरच्या जड सायकली डोंगरावरून खाली पळवायचे. १९७६ मध्ये त्यांनी शर्यतच सुरू केली. उतारावर मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नाव पडलं 'रीपॅक'. याच मंडळींमधल्या जो ब्रीझने १९७७ मध्ये खास डोंगरासाठी म्हणून सायकल बांधली. तिला सस्पेन्शन नव्हतं. रॉकशॉक्स ही सस्पेन्शन फोर्क बनवणारी कंपनी निघाली १९८९ मध्ये. म्हणजे माउंटन बाइक जन्मली, वाढली, जगभर पसरली, ती दहा-बारा वर्षं साध्या चिमट्यावरच. तिला तारलं ते रुंद टायरने.

तितक्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या आजोबांची काळी सायकल आठवा. २८ बाय दीड इंचाचे टायर, म्हणजे साधारण ४० मिलिमीटर रुंदी. त्याच सायकलवर दुधाच्या किटल्या, गवताचे भारे, धान्याची पोती आणि डबलसीट आजी, सगळं शेताच्या बांधावरून आणि तालुक्याच्या डांबरी रस्त्यावरून गेलं. आज लाखभर रुपये मोजून लोक ज्या 'ग्रॅव्हल बाइक' घेतात, त्यांच्या टायरची रुंदीही बरेचदा ४० मिलिमीटरच्या आसपासच असते.

खरोखर डोंगरातल्या उभ्या पायवाटांवर, दगडांवरून उड्या मारत उतरायचं असेल तर चांगलं सस्पेन्शन लागतंच. त्याला माझा विरोध नाही. पण तो वेगळा खेळ आहे आणि त्याची किंमतही वेगळी आहे. आठवड्याचे सहा दिवस कॉलेज आणि सातव्या दिवशी पानशेतच्या बॅकवॉटरकडे जाणारी कच्ची वाट, एवढ्यासाठी तो खर्च कशाला?

टायरवरचे आकडे वाचायला शिका

टायरच्या बाजूला नंबर कोरलेला असतो. ७०० x ३८, २७.५ x २.०, २६ x १.९५ असा काहीतरी. पहिला आकडा चाकाचा, दुसरा रुंदीचा. गंमत म्हणजे '७००' आणि '२९' ही दोन नावं एकाच रिमची. दोन्हींचा टायर जिथे बसतो तो व्यास ६२२ मिलिमीटर. २७.५ चा ५८४ आणि २६ चा ५५९. टायर विकत घेताना हा तीन आकडी नंबर जुळवला की चूक होत नाही.

दोन्ही प्रकारच्या रस्त्यांसाठी रुंदी ३८ ते ५० मिलिमीटर असावी. इंचात सांगायचं तर दीड ते दोन. यापेक्षा बारीक टायर डांबरावर सुसाट पळतो, पण खडीत रुततो आणि खड्ड्यात रिमला मार बसतो. चार इंची 'फॅट' टायर फोटोत झकास दिसतो, पण रोज पाच किलोमीटर ओढून बघा म्हणजे कळेल. टायरचा मधला पट्टा जवळपास सपाट आणि कडेला खाचा, अशी नक्षी आपल्या कामाची. मोठमोठ्या गुठळ्यांचे टायर डांबरावर घूं घूं आवाज करतात आणि तुमची ताकद खातात.

हवेचं पण एक तंत्र आहे. पंक्चरवाले काका सवयीने दगडासारखी टणक हवा भरतात. मग रुंद टायरचा उपयोग काय? टायरच्या बाजूला किमान आणि कमाल दाब लिहिलेला असतो, त्याच्या मधोमध कुठेतरी आपलं वजन बघून ठरवा. माझं वजन बावन्न किलो, टायर २६ x १.९५. मी शहरात ४५ पीएसआय ठेवते आणि कच्च्या रस्त्यावर ३५. एवढ्या फरकाने हाताला बसणारे धक्के निम्मे झाल्यासारखे वाटतात. हेच तुमचं सस्पेन्शन, तेही फुकट. पण फार कमी करू नका, नाहीतर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटून दोन भोकं पडतात.

व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड असलेला बरा, कारण कुठल्याही गॅरेजमध्ये हवा भरता येते. फक्त कॉम्प्रेसरने भरताना हळू, थांबून थांबून भरायला सांगा. आणि गावाकडे जाणाऱ्यांनो, बाभळीचा काटा लक्षात ठेवा. त्याच्यापुढे कुठलाच टायर शहाणा नाही. पॅचेस, सोल्युशन, दोन टायर लिव्हर आणि छोटा पंप एवढं बॅगेत हवंच. पंक्चर काढायला एक दुपार पुरते. यूट्यूबवर बघून शिका, नाहीतर पंक्चरवाल्या काकांकडे चहा पीत उभे राहा.

"सव्वीसची दाखवू की एकोणतीसची?"

दुकानात हा प्रश्न विचारला की समजून जा, समोरचा माणूस चाकाचं माप सांगतोय, सायकलचं नाही. आपल्या शरीराला जुळायला हवी ती फ्रेम. एकाच चाकावर छोटी, मध्यम, मोठी अशा फ्रेम येऊ शकतात. माझी पहिली सायकल माझ्या मापाची नव्हतीच. दांडा उंच होता म्हणून मी सीट अगदी खाली घेतली होती आणि गुडघे दुमडूनच पेडल मारत होते. दुखणार नाहीत तर काय?

माप बघायला टेप लागत नाही. सायकलच्या दांड्यावर दोन्ही बाजूंना पाय ठेवून सपाट जमिनीवर उभे राहा. दांडा आणि तुमच्यात तीन बोटं तरी जागा हवी. कच्च्या रस्त्यावर अचानक पाय टेकावे लागतात, म्हणून थोडी जास्तच असलेली बरी. मग सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा. चालवताना आपण टाच नाही, चवडा पेडलवर ठेवतो, त्यामुळे गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक राहतो. शेवटी हँडल धरा. कोपरं किंचित वाकलेली आणि खांदे कानाशी न चिकटलेले असतील तर फ्रेम तुमची.

मुलींनो, आपल्यासाठी खास. 'लेडीज' म्हणजे गुलाबी असं काही नसतं. छोट्या मापाची साधी फ्रेम मागा, ठामपणे मागा. आणि उतरता दांडा असलेली फ्रेम सोयीची वाटत असेल, तर माझ्यासारखं इगोपायी तिला नाकारू नका. कुर्ता घालून, मागे कॅरिअरवर दप्तर बांधून रोज चढ-उतार करायचा असेल तर ती फ्रेम बेस्ट. तिला दीड-दोन इंची टायर आणि सोपे गिअर आहेत का, एवढं बघा.

ब्रेक आणि गिअर

ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको. पण डिस्क म्हणजे भारी आणि रिमला लागणारा ब्रेक म्हणजे जुनाट, असंही नाही. रिमचा व्ही-ब्रेक हलका असतो, स्वस्त असतो, गावातला कुठलाही मेकॅनिक तो लावून देतो. त्याचा तोटा पावसात कळतो. ओल्या रिमवर पहिला क्षणभर ब्रेक नुसता घसरतो आणि चिखल-वाळूने रिम झिजते. रोज पावसात किंवा घाटात चालवणार असाल तर केबलवर चालणारा डिस्क ब्रेक घ्या, पण तो अधूनमधून ॲडजस्ट करायला शिका. कुठलाही ब्रेक असो, दुकानातच खात्री करा. पुढचा ब्रेक दाबून सायकल ढकला. चाक फिरायला नको आणि लिव्हर हँडलला टेकायला नको.

'२१ गिअर' या शब्दाची जादू पण उतरवायला हवी. पुढे तीन चक्रं, मागे सात, म्हणून २१. त्यातले बरेच गिअर जवळपास सारखेच असतात. चढावर कामाला येतो तो सगळ्यात हलका गिअर. तो असा काढा: पुढच्या सगळ्यात लहान चक्राचे दाते भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राचे दाते. पुढे २४ आणि मागे २८ असतील तर उत्तर येतं ०.८६. म्हणजे पेडलच्या एका फेरीत मागचं चाक पूर्ण एक फेरासुद्धा घेत नाही. साध्या बिनगिअरच्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील तर हेच उत्तर २.४४ येतं. आता कळलं घाटात दम का लागतो? घाट चढायचा असेल तर उत्तर एकच्या खाली असू द्या. सपाट गावात राहत असाल तर तीन चक्रांची भानगड हवीच असं नाही. पुढे एक आणि मागे सात गिअर असले तरी धकतं आणि बिघडायला एक वस्तू कमी.

आणखी एक. स्वस्त गिअरच्या सायकलमध्ये मागच्या हबचा एक्सल वजनाने, धक्क्याने वाकतो. त्यावर उपाय तुमच्याच शरीरात आहे. गतिरोधक किंवा खड्डा आला की सीटवर दगडासारखं बसून राहू नका. पेडल आडवी ठेवा, थोडं उठा, गुडघे आणि कोपरं सैल सोडा. देवाने दिलेलं हे सस्पेन्शन कुठल्याही स्प्रिंगपेक्षा चांगलं आहे.

पैशांचं गणित

बजेट पंधरा हजार असेल तर पंधरा हजारांची सायकल घेऊ नका. बाराची घ्या. उरलेल्या तीन हजारांत हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, बरं कुलूप, मडगार्ड आणि पंप बसवायचा असतो. मडगार्ड नसेल तर जुलैत कॉलेजला पोचाल तेव्हा पाठीवर चिखलाची सरळ रेघ असेल आणि वर्षभर त्यावरून चिडवलं जाईल.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झालाय. बिल मागा, त्यावर कर किती लावलाय ते बघा. ऑनलाइन स्वस्त दिसली तरी सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. ती नीट जोडायला मेकॅनिकला द्यावे लागणारे पैसे किमतीत धरा. आणि मला वाटतं, बाराशे रुपये वाचवण्यापेक्षा जवळच्या दुकानाशी ओळख असणं महत्त्वाचं. पहिल्या महिन्यात केबल ताणतात, स्पोक सैल होतात, चाकाचा आउट काढावा लागतो. ते काम दुकानदार करून देतो, वेबसाइट नाही.

पैसे कमी असतील तर सेकंड हँड बघाच. मी तेच केलं. पार्किंगच्या त्याच कोपऱ्यात एका सिनिअरची जुनी, साध्या फोर्कची, २६ इंची सायकल धूळ खात होती. तिचं स्टिकर केव्हाच उडालं होतं. सहा हजारांना घेतली. नवे टायर, चेन, ब्रेकचे रबर आणि केबल यांना बावीसशे लागले. फ्रेमला तडा नाही ना, चाक फिरवल्यावर डगमगत नाही ना, पेडलच्या एक्सलमध्ये खुळखुळा नाही ना, एवढं बघितलं होतं. जुन्या मालकाकडून बिलाचा फोटो नक्की घ्या, चोरीची सायकल गळ्यात पडायला नको. ही सायकल पावणेचौदा किलोची आहे. तिच्यावर मी सिंहगड न उतरता चढले. तीनदा थांबले, लिंबूसरबत प्यायले, ते वेगळं.

मग लूकचं काय?

मला माहितेय, तुम्ही म्हणाल, "लूक पण महत्त्वाचा असतो ना यार!" असतो की. जी सायकल बघून छान वाटत नाही ती रोज बाहेर काढावीशी वाटत नाही, हेही खरं. अठराव्या वर्षी सगळे जण स्कूटी आणि बाइकवर फिरत असताना आपण सायकल चालवतोय, तर ती निदान भारी दिसावी, असं वाटण्यात गैर काही नाही. मी त्यावर हसणार नाही. मी स्वतः त्यातूनच गेलेय.

पण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या सायकलचे पैसे घरून येतात आणि घरी ते कुठून येतात हे आपल्याला माहीत असतं. बाबांनी ते चौदा हजार दिले तेव्हा त्यांना वाटलं, पोरीचा तीन वर्षांचा प्रवास सुटला. प्रत्यक्षात आठ महिन्यांत तो परत बसच्या पासवर आला. वाईट सायकल नुसते पैसे घालवत नाही. ती तुम्हाला पटवून देते की सायकल चालवणं आपल्याला झेपणारं काम नाही. त्या कोपऱ्यातल्या सायकलींच्या मालकांना विचारा. "दम लागतो रे", "स्टॅमिना नाही आपल्यात", असंच सांगतील. दोष त्यांच्या फुप्फुसांचा नसतो, साडेअठरा किलोंचा असतो.

म्हणून दुकानात जाताना तीनच गोष्टी डोक्यात ठेवा: माप, टायर, ब्रेक. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना जा आणि निदान एक किलोमीटर चालवल्याशिवाय पैसे देऊ नका. जवळचा सगळ्यात वाईट गतिरोधक आणि सगळ्यात मोठा चढ शोधून त्यावर चालवा. दुकानदाराने चालवायला नाही म्हटलं तर दुसरं दुकान शोधा.

भावाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. शनिवारी गावी गेले आणि रविवारी सकाळी आम्ही दोघं दुकानात उभे. त्याने आधी ती विजेवाली चालवून बघितली, मग साध्या फोर्कची, ७०० x ४० टायरची, पुढे एक चक्र आणि मागे सात गिअरवाली. दुकानामागच्या चढावर दोन्ही नेल्या. पहिली अर्ध्यात सोडली, दुसरी वरपर्यंत गेली. खाली येऊन काही बोलला नाही, पण कोणती घ्यायची हे कळलं होतं. साडेदहा हजारांना पडली. उरलेल्या पैशांत कॅरिअर, मडगार्ड आणि कुलूप. हेल्मेट माझ्याकडून.

तेव्हापासून एकही प्रॅक्टिकल बुडलेलं नाही. फक्त तो दिसायला 'जाम साधी' म्हणत होता, म्हणून पुढच्या आठवड्यात बाजारातून तीस रुपयांचं स्टिकर आणून त्याने स्वतःच फ्रेमवर चिकटवलं. विजेचंच.